माप उघडे, वही झाकलेली

कारंज्याच्या बाजारात तूर, सोयाबीन आणि हळदीचा व्यवहार करणाऱ्या एका जुन्या अडत पेढीवर गेल्या हंगामात एक लहानसा प्रसंग घडला. पेढीच्या वडीलधाऱ्यांच्या छातीत काही दिवस अधूनमधून कळ येत होती. घरी कोणाला बोलले नव्हते. धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. ती पार पडली की पाहू, असा त्यांचा विचार. एके संध्याकाळी दुकान वाढवल्यावर, मंडळी निघून गेल्यावर, त्यांनी गल्ल्याशेजारच्या संगणकावर सावकाश चार शब्द लिहिले : ‘हृदयाची शस्त्रक्रिया खर्च किती’. दोन पाने वाचली, खिडकी बंद केली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजी हिंगोलीचे हळदीचे भाव पाहण्यास बसले. त्यांनी ‘ह’ हे एकच अक्षर लिहिले आणि त्याखाली कालचे चारही शब्द उमटले. मुनीमजी वीस वर्षांचे जुने, घरच्यासारखे. काळजीपोटीच त्यांनी विचारले, “बाबूजी, तब्येत बरी आहे ना? हृदयाचं काही निघालं काय?” समोर एक दलाल आणि माल घेऊन आलेले दोघे जण बसले होते, याचे भान त्यांना राहिले नाही.

दुपारपर्यंत ही गोष्ट बाजारात पोहोचली. ज्या पार्टीचे पैसे पंधरा दिवसांनी द्यावयाचे होते, तिने त्याच दिवशी सौजन्याने आठवण करून दिली. सायंकाळी थोरल्या मुलाला वडिलांच्या आजाराची वार्ता शेजारच्या अडत्याकडून मिळाली. घरी येऊन तो एवढेच म्हणाला, “बाबूजी, हे मला बाजारातून कळावं?” रात्री पुण्याला शिकणाऱ्या नातवाचा फोन आला. पेढीच्या संगणकावर त्याचेच खाते उघडे असल्याने ते चार शब्द त्याच्या मोबाइलवरही दिसले होते.

या प्रसंगात कोणी चोर नाही, कोणी ठग नाही. कोणी ओटीपी मागितला नाही, खात्यातून एक रुपयाही गेला नाही. संगणकाने आपले नेमलेले काम केले आणि माणसेही आपुलकीनेच वागली. तरीही पेढीच्या पतीला धक्का बसला, आणि आपल्या मुलाला आपल्या तोंडाने, आपल्या वेळी सांगावयाची गोष्ट वडिलांच्या हातून निसटली.

हे कसे घडले, ते समजून घेणे कठीण नाही. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही ज्याची नावे, तो ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पाने पाहण्याची खिडकी. आपण काय शोधले, कोणत्या पानावर गेलो, याची तो रोजमेळासारखी नोंद ठेवतो, जेणेकरून पुढच्या वेळी पुन्हा सारे लिहावे लागू नये. त्यात कोणाचे खाते उघडे असेल आणि सर्व उपकरणांवर नोंदी जुळवून ठेवण्याची सोय चालू असेल, तर तीच नोंद त्या खात्याच्या दुसऱ्या संगणकावर आणि मोबाइलवरही पोहोचते. पेढीवर एकच संगणक, एकच खाते आणि बसणारे चौघे असतील, तर चौघांचे मन एकाच वहीत लिहिले जाते.

ही झाली घरातली नोंद. बाहेरची नोंद निराळी. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली या तंत्रज्ञाने ‘कुकी’ नावाची युक्ती काढली. संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये एक लहानशी चिठ्ठी ठेवते आणि पुढच्या खेपेस ती पाहून गिऱ्हाईक ओळखते. दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवतो, तसेच हे; त्यात गैर काही नव्हते. पुढे जाहिरातीच्या कंपन्यांनी हजारो संकेतस्थळांवर आपापल्या चिठ्ठ्या ठेवण्यास आरंभ केला. म्हणजे कापड दुकान, औषधाचे दुकान आणि सराफाची पेढी अशा प्रत्येक उंबरठ्यावर एकाच मालकाचा माणूस वही घेऊन बसावा, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसावा. बाबूजींनी शस्त्रक्रियेचा खर्च पाहिल्यानंतर बातम्यांच्या पानावर त्यांना रुग्णालयांच्या आणि विम्याच्या जाहिराती दिसू लागल्या, त्या याच वाटेने.

कारंज्याला या विषयात बोलण्याचा विशेष अधिकार आहे. देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून कारंज्याच्या कापूस बाजाराची नोंद आहे. वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली असताना, १८८६ मध्ये, हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये ती स्थापन झाली. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हा राज्यकर्त्यांचा हेतू होता, हे खरे. परंतु त्यातून एक रीत रुजली. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने दलाल आणि मापारी यांना परवाने आले. पुढे महाराष्ट्रातील बाजार समित्यांच्या आवारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत मोडून उघड लिलाव आला. ज्याचा माल तोलला जातो, त्याला काटा दिसला पाहिजे आणि भाव ऐकू आला पाहिजे, हे त्यामागील तत्त्व.

मात्र बाजार उघडा झाला म्हणून व्यापाऱ्याची वही उघडी झाली नाही. खातेवही लाल कापडात गुंडाळून तिजोरीतच राहिली. कापडाच्या दुकानांत चिठ्ठीवर खरेदीचा भाव आकड्यांत न लिहिता ठरलेल्या शब्दाच्या अक्षरांत लिहिण्याची रीत अनेकांनी पाहिली असेल. कोणाची उधारी किती थकली आहे, हे मुनीम दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर मोठ्याने वाचत नसे. राष्ट्रीयीकृत बँकांवर तर १९७० च्या कायद्यानेच ग्राहकाच्या व्यवहाराची गुप्तता राखण्याचे बंधन आहे आणि तसे प्रतिज्ञापत्र कर्मचाऱ्यास द्यावे लागते. तोलणाऱ्याचे माप उघडे आणि माणसाची वही झाकलेली, या दोन गोष्टी एकत्र नांदल्या म्हणूनच बाजारात विश्वास राहिला.

इंटरनेटवर नेमके उलटे घडत आहे. तेथे माप झाकलेले आणि वही उघडी आहे. आपल्याविषयी कोण काय टिपते, किती दिवस ठेवते, कोणाला देते, हे आपल्याला दिसत नाही. आणि आपले आजारपण, कर्जाची चौकशी, मुलीसाठी पाहिलेली स्थळे हे सारे अपरिचितांच्या वहीत जाऊन बसते. रुमालाखालची बोटे पुन्हा आली आहेत. फरक एवढाच की या वेळी रुमाल दिसतही नाही.

यावर अनेक सज्जन सहजपणे म्हणतात, “आपले व्यवहार चोख आहेत; आपल्याला लपवण्यासारखे काय?” हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. चोख व्यापारीही आपली खातेवही ओट्यावर उघडी टाकून जेवायला जात नाही. त्याला लपवण्यासारखे नसते, पण जपण्यासारखे असते. बाबूजींनी कोणता गुन्हा केला होता? त्यांना केवळ लग्नाची बोलणी पूर्ण होईपर्यंत घराला घोर लावावयाचा नव्हता. खासगीपणा म्हणजे काय सांगावे, कोणाला सांगावे आणि केव्हा सांगावे, हे स्वतः ठरवण्याची मोकळीक. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. माहिती घेणाऱ्याने ती कशासाठी घेतो हे सांगून संमती घ्यावी, आणि ही सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा पर्याय द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. नियमांतील मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. काटा उघडा करण्याच्या दिशेने हे एक पाऊल होय.

कायदा आपल्या गतीने येईल. आपली वही झाकणे मात्र आजच आपल्या हाती आहे आणि त्यासाठी खर्चही येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे खाती वेगळी करावीत. एकाच संगणकावर प्रत्येकासाठी स्वतंत्र प्रवेश आणि स्वतंत्र पासवर्ड ठेवता येतो. मुनीमजींचा वेगळा, मालकांचा वेगळा. घरातील मुलांचे खाते पेढीच्या संगणकावर उघडे ठेवू नये. बँक, जीएसटी आणि आयकर यांच्या कामासाठी एक ब्राउझर राखून ठेवावा. त्यात बातम्या, गाणी, खरेदी काहीही करू नये.

दुसरी गोष्ट पासवर्डची. ‘पासवर्ड जतन करायचा काय?’ असे ब्राउझर विचारतो, तेव्हा चौघे वापरतात त्या संगणकावर ‘नको’ म्हणावे. नोकरी सोडून जाणाऱ्याकडून तिजोरीची किल्ली परत घेतली जाते, तसेच त्याच दिवशी पासवर्ड बदलावेत. यात त्या माणसावर अविश्वास नाही. उद्या काही कमी-जास्त झाले, तर त्याच्यावर संशय येऊ नये, हीच त्यातील माणुसकी.

तिसरी गोष्ट गैरसमजांची. क्रोमच्या ‘इनकॉग्निटो’ किंवा अशाच गुप्त खिडकीत काम केले, म्हणजे कोणालाच काही कळत नाही, असे अनेकांना वाटते. ती खिडकी बंद केल्यावर त्या संगणकावर इतिहास उरत नाही, एवढेच तिचे काम. बाबूजींचे काम तेवढ्याने भागले असते. परंतु ज्या संकेतस्थळावर आपण जातो त्याला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला आपली ये-जा दिसू शकते. याच मुद्द्यावर अमेरिकेत गूगलविरुद्ध दावा झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत कंपनीने मोठ्या प्रमाणावर नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. तसेच पत्त्याशेजारील कुलपाच्या चिन्हाचा अर्थ एवढाच की वाटेत कोणी आपला मजकूर वाचत नाही. वाटेच्या शेवटी सावकार बसला आहे की ठग, हे ते कुलूप सांगत नाही. बनावट संकेतस्थळांनाही कुलूप असते.

म्हणून चौथी गोष्ट, पत्ता वाचण्याची सवय. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा शेवट केवळ बँकांनाच मिळतो. जीएसटीच्या संकेतस्थळाचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. संदेशातून आलेल्या दुव्यावर बोट न ठेवता पत्ता स्वतः लिहावा आणि त्याचा शेवट वाचावा. हुंडीवरील सही पाहिल्याशिवाय आपले पूर्वज रक्कम देत नसत. पत्त्याचा शेवट ही आजची सही आहे.

पाचवी गोष्ट जुन्या संगणकाची. विंडोज १० ची नियमित मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहे. पेढीवर तोच संगणक असेल, तर निदान बँकेचे काम त्यावर करू नये. इतके करूनही फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता त्वरित १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

त्या अडत पेढीवर आता मुनीमजींचे आणि बाबूजींचे प्रवेश वेगळे आहेत. नातवाने सुट्टीत येऊन स्वतःचे खाते काढून टाकले. बाबूजींची अकोल्याला तपासणी झाली. तूर्त औषधांवर भागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. लग्नही ठरले. मुनीमजींच्या मनाला मात्र ती गोष्ट लागून राहिली होती. “माझ्याच तोंडून गेलं, बाबूजी,” ते एकदा म्हणाले. बाबूजींनी त्यांच्यासमोर चहाचा कप सरकवला आणि म्हणाले, “मुनीमजी, वही उघडी मीच टाकून गेलो होतो. तुम्ही तर फक्त वाचली.”

दिवाळीला आता अनेक पेढ्यांवर वहीच्या शेजारी संगणकही पूजेला मांडला जातो. ज्याला वहीचा मान दिला, त्याला वहीची शिस्तही लावली पाहिजे.