सोडलेला विषाणू परत बोलाविता येत नाही

ऑस्ट्रेलियातील मरे व डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यात कार्प मासा उपद्रवी ठरला आहे. बाहेरून आणलेला हा मासा १९६० नंतर तेथील नद्यांत झपाट्याने पसरला. काही ठिकाणी तर माशांच्या एकूण वजनात ८० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या कार्पचा भरतो. त्याच्या नाशासाठी नद्यांत एक विषाणू सोडावा काय, या प्रश्नाचा शासकीय पातळीवर विचार २०१६ पासून चालू झाला.

हा विषाणू माशांना ग्रासणाऱ्या हर्पीस विषाणूंच्या गटातील होय. त्याचा एक भाऊबंद गोल्डफिशचा घात करतो, दुसरा ईल माशांना पछाडतो, तर तिसरा कार्पच्या अंगावर मेणासारख्या गाठी उठवितो. ‘कोई हर्पीस’ नावाचा हा चौथा त्या सर्वांत प्रखर. १९९८ साली त्याने इस्रायल व अमेरिका येथे कार्पचा संहार केला. २००३ साली जपानच्या कासुमिगाउरा सरोवरातील पाळीव कार्प त्याने मोठ्या प्रमाणावर मारले. पाण्याचे उष्णतामान सुमारे १८ ते २८ अंश सेल्सिअस असता तो बळावतो. माशांचे कल्ले सडतात आणि ७० ते ८० टक्के, क्वचित त्याहूनही अधिक मासे मरतात. माणसाला त्याची बाधा होत नाही.

मग हे अस्त्र वापरण्यास हरकत कोणती? पहिली हरकत अशी की, हर्पीस विषाणू वाचलेल्या प्राण्याच्या शरीरात सुप्तावस्थेत राहतो. असा मासा वरकरणी निरोगी दिसतो आणि पुढे रोग पसरवितो. दुसरी हरकत, लक्षावधी मृत मासे कुजू लागले म्हणजे पाण्यातील प्राणवायू घटतो आणि ज्यांच्या रक्षणासाठी हा खटाटोप, ते देशी मासेच गुदमरतात. तिसरी हरकत ऑस्ट्रेलियाच्याच अनुभवातील आहे. १९५० साली सशांवर सोडलेल्या मिक्सोमा विषाणूने प्रथम बाधित सशांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मारले. परंतु थोड्याच वर्षांत विषाणू सौम्य झाला आणि ससे प्रतिकारक्षम बनले.

ससे पुष्कळ घटले, हे मान्य केलेच पाहिजे. म्हणून हा उपाय सर्वस्वी त्याज्य नव्हे. तथापि २०२२ साली कार्प-नियंत्रणाची योजना प्रसिद्ध झाल्यावरही अधिक संशोधन आवश्यक मानले गेले, हेच योग्य झाले. कार्प नदीत आला तो माणसाच्या हातून. ती चूक निस्तरताना दुसरी चूक घडू नये, याकरिता काही वर्षे थांबावे लागले तरी तो काळ वाया गेला असे म्हणता येणार नाही.