कॅनवरचा आकडा

आमच्या वस्तीतील एक मावशी रुग्णालयात वॉर्डाचे काम करतात. एके दिवशी त्या पाळी संपवून आल्या त्या लाल डोळ्यांनी, बोटांची सालटी निघालेली. काय झाले म्हणून विचारले तर म्हणाल्या, "रोज करते तेच केलं. दोन लिटर हायपो नि आठ लिटर पाणी."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना कॅनवरचा आकडा उतरवून आणायला सांगितले. जुन्या कॅनवर ५ टक्के होते, नव्यावर १० टक्के. रंग तोच, वास तोच. चूक मावशींची नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. माल बदलला तर तो हाती देताना दोन शब्द सांगायला नकोत काय? पण सांगणारा भेटेपर्यंत हात आपलेच पोळतात. म्हणून भगिनींनो, हा हिशेब आपणच शिकून घेऊ.

टक्का म्हणजे शंभरात किती. ५ टक्के हायपो म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम औषध, एका लिटरमध्ये ५० ग्रॅम. सांडलेले रक्त पुसण्यासाठी मावशींच्या वॉर्डात १ टक्क्याचे पाणी करतात. दहा लिटरच्या बादलीत त्यासाठी १०० ग्रॅम औषध हवे. ते ५ टक्क्यांच्या दोन लिटरमध्ये मिळते, पण १० टक्क्यांच्या एकाच लिटरमध्ये मिळते. मावशींच्या बादलीत गेले २०० ग्रॅम! द्रावण झाले २ टक्के, म्हणजे दुप्पट जहाल.

उलटी चूकही होते. पाचाचे एक करायचे म्हणून एक लिटर हायपोत पाच लिटर पाणी ओततात. एकूण झाले सहा लिटर. ५० ग्रॅम सहा लिटरमध्ये पसरले की टक्का ०.८३ वर येतो. पाणी चारच लिटर हवे, कारण टक्का मोजायचा तो मिसळून झाल्यावरच्या एकूण मापावर.

मावशींची मुलगी दहावीत आहे. तिला आम्ही विचारले, १ टक्क्याच्या चार लिटरमध्ये १० टक्क्यांचे एक लिटर ओतले तर किती टक्के? ती पटकन म्हणाली, "साडेपाच." माप सारखे असते तर बरोबर होते. इथे ४० ग्रॅम आणि १०० ग्रॅम मिळून १४० ग्रॅम, तेही पाच लिटरमध्ये, म्हणजे २.८ टक्के. टक्क्यांची बेरीज करू नये, ग्रॅमची करावी. मग तिनेच पुढे सांगितले की हे १ टक्क्यावर आणायला आणखी नऊ लिटर पाणी लागेल. मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या.

हायपो उन्हात आणि उकाड्यात कमजोर होते. त्यामुळे कालची बादली आजच्या हिशेबात धरू नये, रोज ताजे करावे. हातमोजे घालावेत. आणि जास्त साफ निघेल म्हणून त्यात संडासचे ॲसिड कधीच मिसळू नये. क्लोरीन वायू निघून जीव गुदमरतो.

आता मावशींच्या वॉर्डात स्टोअरच्या दारावर मुलीच्या अक्षरातला कागद चिकटवला आहे: ५ टक्के असेल तर २ लिटर आणि ८ लिटर पाणी, १० टक्के असेल तर १ लिटर आणि ९ लिटर पाणी. आधी कॅन वाचा.