उकळलेले म्हणजे निर्जंतुक नव्हे

‘अवजारे उकळत्या पाण्यात टाकली की झाले, बाकी शहरी चोचले’ हे मागील अंकातील पत्रलेखकांचे दातांच्या अवजारांबद्दलचे म्हणणे मान्य नाही. पाणी १०० अंशांवर उकळते. त्यात काही जिवाणूंचे बीजाणू तग धरतात. म्हणून ऑटोक्लेव्ह. बंद भांड्यात दाबाखालची वाफ, १२१ अंश, किमान १५ मिनिटे. त्याआधी अवजार घासून धुवायलाच हवे, कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोहोचत नाही. दात कोरायचे हँडपीस नुसते स्पिरिटने पुसून भागत नाही, लाळ त्याच्या आतही ओढली जाते.

रामनवमीला आमच्या पोहरादेवीत बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या दर्शनाला लाखोंची गर्दी असते. अशाच एका जत्रेत, रस्त्याकडेला एकाच चिमट्याने लागोपाठ तिघांचे दात उपटलेले मी पाहिले. हिपॅटायटिस बी पसरायला आणखी काय लागते?

आता ‘डॉक्टर झालात तरच या धंद्यात पोट भरते’ हा त्यांचा दुसरा मुद्दा. १९४८च्या दंतवैद्यक कायद्यातच डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांच्या नोंदणीची तरतूद होती. बारावी विज्ञानानंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम. हायजिनिस्ट दात साफ करतो, मेकॅनिक कवळ्या घडवतो. सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळून दात खराब करणार्‍या आपल्या वर्‍हाडात हायजिनिस्टला तर कामाची ददात नाही! तांड्यावरच्या मुलामुलींना हे कोणी सांगतच नाही. मात्र शिकायला जाण्याआधी हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिन्ही डोस घ्या.

– एक वाचक, पोहरादेवी (ता. मानोरा, जि. वाशीम)