दुकान नसलेले गाव

सुट्टीत मुंबई-पुण्याहून महाड, पोलादपूरला घरी येणाऱ्या मुलामुलींच्या पिशवीत एखादी विज्ञानकथा हमखास निघते. दुपारच्या निवांत वेळी गल्ल्याशेजारी बसून ती वाचली जाते आणि मुखपृष्ठावरील अंतराळयान पाहून घरातील वडीलधारे विचारतात, ‘याचा आपल्याशी काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. मात्र या साहित्यात एक प्रवाह असाही आहे, की ज्यात यान आणि यंत्रमानव यांना फारसे काम नसते. लेखक समाजाचा एखादाच नियम बदलतो आणि मग माणसे कशी जगतील याचा हिशेब पै-पैपर्यंत मांडतो. ही पुस्तके यानांच्या गर्दीत दडलेली असल्याने शोधून काढावी लागतात.

व्यापारी घराने प्रथम हाती घ्यावी अशी कादंबरी म्हणजे अमेरिकन लेखक एडवर्ड बेलामी यांची १८८८ सालची ‘लुकिंग बॅकवर्ड’. बोस्टनमधील एक सधन तरुण १८८७ साली झोपतो आणि २००० साली जागा होतो. शहरात दुकान नाही, पेढी नाही, नाणे नाही. बँकाही गेल्या. राष्ट्र हाच एकमेव मालक. एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत प्रत्येकाने काम करावयाचे आणि राष्ट्रीय उत्पन्नातील समान वाटा दरवर्षी प्रत्येकाच्या नावे जमा व्हावयाचा. खर्चासाठी मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या तुकड्याला बेलामींनी नाव दिले ‘क्रेडिट कार्ड’. (स्वभावाने ते आजच्या डेबिट कार्डाच्या जवळचे, पुढील वर्षाची उचल मिळे, पण मोठी कपात सोसून.) वस्तूंचे केवळ नमुने ठेवलेले भांडार असते, प्रत्येक नमुन्याला माहितीची चिठ्ठी असते, सेवक मागणी नोंदवतो पण आग्रह करीत नाही, आणि माल मध्यवर्ती गोदामातून घरी पोहोचतो. मोबाइलवरून मागवलेले खोके आज पोलादपूरच्या आडगावी येते, तेव्हा या चित्राचा अर्धा भाग खरा झाला असे वाटते. समान वाट्याचा अर्धा भाग मात्र कोठेच आलेला नाही.

जुलै २०२१ मध्ये महाडची बाजारपेठ पुराच्या पाण्याखाली गेली. बेलामींच्या गावी असे घडते तर कोणा एका घराचे भांडवल वाहून गेले नसते, कारण माल कोणाचाच नव्हता. पण बुडालेले दुकान पुन्हा उभे राहते ते घाऊक व्यापाऱ्याने जुन्या ओळखीवर दिलेल्या उधारीच्या मालावर. त्या विश्वासाचे खाते बेलामींच्या वहीत उघडलेलेच नाही. दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात, इतके हे पुस्तक वाचकावर सोपवते. त्यातील दोष मात्र ते स्वतः दाखवीत नाही. ते काम उर्सुला ले ग्विन यांनी १९७४ च्या ‘द डिस्पझेस्ड’मध्ये केले. मालमत्ता नसलेल्या समाजातही लोकमताचा धाक सत्तेसारखा कसा काम करतो, हे त्यांनी लेखापरीक्षकाच्या नजरेने तपासले आहे.

मराठीत अशी कथा हवी असेल तर डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचावी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, जेथे १७६१ साली विश्वासरावांना लागायची गोळी चुकली आणि मराठे जिंकले. देश पारतंत्र्यात गेला नाही. पेशव्यांनी विज्ञानाची केंद्रे उभारली, पुढे लोकशाही आली. मुंबई मात्र व्यापाराच्या सोयीसाठी भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिली आणि ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी तेथे अजून थाटात चालू आहे. शेवटी भौतिकशास्त्राचे स्पष्टीकरण येते, पण ध्यानात राहतो तो आझाद मैदानावरील प्रसंग. व्याख्यान चालू असते आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते, कारण परिचय, आभार आणि अध्यक्षीय समारोप यांना कंटाळून त्या समाजाने ती प्रथाच बंद केलेली असते. गंगाधरपंत हट्टाने खुर्चीत जाऊन बसतात आणि श्रोते टोमॅटो, अंडी फेकतात. मंगल कार्यालयात तीन-तीन तास सत्कार ऐकलेल्यांना तो समाज फार प्रगत वाटेल.

जैन घरांना तर असा वेगळा समाज परका नाही. ऋषभदेवांपूर्वीच्या भोगभूमीत कल्पवृक्ष सर्व काही देत. तेथे राजा नव्हता आणि व्यापारीही नव्हता. कल्पवृक्ष आटू लागले, तंटे सुरू झाले, तेव्हा कुलकरांनी दंड ठरवले ते केवळ शब्दांचे: ‘हा’, ‘मा’ आणि ‘धिक्’. अरेरे हे काय केलेस, पुन्हा करू नकोस, धिक्कार असो. एवढ्या शब्दांनी माणूस लाजून सुधारतो, असा तो समाज. पुढे ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, शिल्प आणि वाणिज्य शिकवले. म्हणजे वाणिज्याचा जन्म टंचाईतून झाला. बेलामींच्या गावात आणि भोगभूमीत दुकान नसण्याचे कारण एकच, विपुलता. बेलामींकडे तिच्या जोडीला समान वाटप. व्यवहारात वाढलेल्या वाचकाला यावर बराच वेळ वाद घालता येईल.

आणि असा बदललेला नियम प्रत्यक्षात पाहावयाचा, तर महाडकरांना गावाबाहेर जाण्याचे कारण नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, कागदावर. तीन वर्षे एका गावात दोन समाज नांदत होते, एक दप्तरातला आणि एक तळ्याच्या काठावरचा. ठरावातील महाड खरे मानून कोणी चालू लागला तर काय घडेल, याचे उत्तर २० मार्च १९२७ रोजी मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले. तळ्याच्या शुद्धीचा विधीही झाला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा तळे खुले ठेवणारा निकाल यायला १९३७ साल उजाडले.