सुरी घेताना धार बघा, पण त्याआधी मूठ बघा

रविवारी दुपारी हाताला नॅपकिन गुंडाळून कोणी आत आलं की मी आधी एकच प्रश्न विचारतो, "काय कापत होता?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं. मटण, कोंबडी, नाहीतर सुरमई. गटारीला, धुळवडीला, बकरी ईदला आणि गावच्या जत्रेला असे पेशंट हमखास येतात.

त्यातल्या एका ताई मला विसरता येत नाहीत. त्या घरून जेवणाचे डबे देतात. मटणाचा सांधा सोडवताना सुरीचं टोक हाडात अडकलं, त्यांनी जोर लावला आणि ओला हात मुठीवरून पुढे घसरून पात्यावर गेला. उजव्या हाताच्या करंगळीला आतल्या बाजूने जेमतेम सेंटिमीटरभर कापलं. जवळच्या एका दवाखान्यात दोन टाके घातले, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. करंगळी वाकवून दाखवा, असं त्यांना कोणी म्हटलं नाही. जखम भरली. सहा आठवड्यांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा करंगळी सरळच्या सरळ होती, वाकतच नव्हती. आतला टेंडन पूर्ण तुटलेला होता.

त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, सुरीला धारच नव्हती हो. मग एवढं कापलं कसं?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो : धार नव्हती म्हणूनच कापलं. आणि मूठ गुळगुळीत होती म्हणून एवढं कापलं.

बोथट सुरी सुरक्षित नसते

आपल्या घरांत एक समज पक्का बसला आहे की सुरी फार धारदार नको, हात कापेल. पण मांस कापताना नेमकं काय होतं ते बघा. धारदार पातं हलक्या हाताने जिथे ठेवाल तिथेच कापतं. बोथट पात्याला जोर लावावा लागतो. चामडी, शिरा, सांध्याभोवतीचे चिवट पडदे यांवरून ते सटकतं. सटकलं की मागे लावलेला सगळा जोर कुठेतरी जाणारच, आणि समोर असतो तुमचाच दुसरा हात. शिवाय तुमची बोटं म्हणजे काही चिवट मटण नव्हे. जे पातं कोंबडीच्या सालीवर चालत नाही, ते जोराने बोटावर आलं तर सहज आत शिरतं.

"आमच्या आजीने आयुष्यभर विळीवर मासे कापले, तिला कधी काही झालं नाही," असं मला नेहमी ऐकवलं जातं. खरं आहे. पण आजीचा हात रोज चालत होता, विळीचं पातं पायाखाली घट्ट होतं, आणि धार लावणारा सायकलवर चाक घेऊन दारात यायचा. विळी वापरून झाली की मिटून कडेला ठेवायची ही शिस्त होती. आपण आठवड्यातून एकदा, गडबडीत, ओट्यावर उभं राहून, तीन वर्षं धार न लावलेल्या सुरीने तेच काम करतो. तुलना करायचीच असेल तर सगळ्या गोष्टींची करा.

शिकाऱ्यांच्या सुरीकडून शिकण्यासारखं

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीला जवळजवळ पूर्ण बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण अमेरिकेसारख्या देशांत हंगामात हरणाची शिकार कायदेशीर आहे. तिथे जनावर पडल्यावर मांस लवकर थंड व्हावं म्हणून जागेवरच पोट उघडून आतडी काढतात. थंडीत, चिखलात, रक्ताने निसरड्या झालेल्या हातांनी. या कामासाठी तिथे जी सुरी चांगली समजली जाते, तिच्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट हात वाचवण्यासाठी किंवा मांस स्वच्छ राहावं म्हणून आहे.

पहिली गोष्ट, पातं लहान असतं. साधारण ३ ते ४ इंच. हरणासारख्या जनावराला एवढं पुरतं, कारण पातं जितकं लांब तितकं त्याचं टोक नजरेआड जातं.

दुसरी, मूठ खरबरीत असते आणि मूठ व पातं यांच्यामध्ये बोट अडवणारा उंचवटा असतो. टोक हाडावर आदळलं तरी हात पुढे सरकत नाही. आमच्या ताईंच्या सुरीला एवढा एक उंचवटा असता तर त्यांची करंगळी वाचली असती.

तिसरी, टोक पात्याच्या पाठीपेक्षा थोडं खाली उतरलेलं असतं. त्यामुळे पोट उघडताना आतडं फुटण्याची शक्यता कमी होते. आतडं फुटलं की त्यातले जंतू मांसावर पसरतात. आपल्याकडे घरी कोंबडी किंवा मोठा मासा साफ करतानाही हाच नियम आहे. आतडं फाटलं तर पोट बिघडवणारे जंतू पसरतात आणि पित्ताची पिशवी फुटली तर मांस कडू होतं.

चौथी, सुरी शक्यतो घडीची नसते. घडीच्या सुरीच्या सांध्यात रक्त आणि चरबी अडकते, ती नीट निघत नाही. आणि खटका पक्का नसेल तर पातं बोटांवर मिटतं.

मग घरासाठी काय घ्यावं?

"शिकारीची सुरी" म्हणून ऑनलाइन मिळणारी दातेरी, भपकेबाज सुरी घेऊ नका. एकतर ती स्वयंपाकघरात उपयोगाची नसते. शिवाय घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी नसलेलं, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं हत्यारांच्या नियमांत येतं, याचीही माहिती असावी.

मटण-कोंबडी आणि मासे घरी साफ करत असाल तर ५ ते ६ इंच पात्याची, स्टेनलेस स्टीलची, हाडापासून मांस सोडवायची अरुंद सुरी घ्या. कार्बन स्टीलला धार छान लागते, पण पुसून कोरडी ठेवली नाही तर गंजते. दुकानात सुरी हातात धरून बघा. मूठ मुठीत भरली पाहिजे, ओल्या हातातही फिरता कामा नये. अंगठा आणि तर्जनीच्या पुढे अडसर हवा. गुळगुळीत स्टीलची अखंड मूठ दिसायला सुंदर असते, पण चरबी लागली की साबणाच्या वडीसारखी निसटते.

सुरीने हाड तोडू नका. ते काम कोयत्याचं, आणि खरं सांगायचं तर खाटकाचं. दुकानातून तुकडे करून आणण्यात कसलाही कमीपणा नाही. गोठलेला मासा किंवा मटण पूर्ण सुटल्याशिवाय कापायला घेऊ नका. मोकळ्या हातात घालायचा न कापणारा हातमोजा मिळतो, तो जरूर घ्या. मात्र तो ओढून होणाऱ्या कापापासून वाचवतो, टोचणाऱ्या टोकापासून नाही. सुरी भांड्यांच्या ढिगात साबणाच्या पाण्याखाली टाकू नका. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका. आणि महिन्या-दोन महिन्यांनी धार लावा.

"घरात लहान मुलं आहेत, धारदार सुरी कशी ठेवू?" ही काळजी रास्त आहे. पण त्यावर उपाय सुरी बोथट ठेवणं हा नाही. पात्याला म्यान करून ती उंचावर किंवा कुलुपात ठेवा. मुलाच्या हाती बोथट सुरी लागली तरी डोळ्याला टोक लागायला धार लागत नाही.

तरीही कापलंच तर

स्वच्छ कापडाने जखमेवर दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा आणि हात वर ठेवा. दर मिनिटाला उघडून बघू नका. अंगठी लगेच काढा, नंतर सूज आली की निघत नाही. बोटाला दोरा करकचून बांधू नका. हळद, कॉफी, चुना, तंबाखू, टूथपेस्ट यांपैकी काहीही भरू नका. ते काढताना आम्हाला वेळ लागतो आणि तुम्हाला वेदना होतात. रक्त थांबल्यावर वाहत्या पाण्याने जखम धुवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोटाचा प्रत्येक सांधा वाकतो का ते बघा. मधलं पेर दुसऱ्या हाताने सरळ धरा आणि फक्त टोकाचं पेर वाकवा. बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का तेही बघा. वाकत नसेल, वाकवताना जोरात दुखत असेल किंवा बधिर वाटत असेल, तर जखम कितीही छोटी दिसली तरी त्याच दिवशी हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या किंवा प्लास्टिक सर्जनकडे जा. बोटांच्या मुळाशी दोन टेंडन एका अरुंद बोगद्यातून जातात. तिथली दुरुस्ती एवढी अवघड की जुने सर्जन त्या भागात हात घालायला कचरायचे. पहिल्या काही दिवसांत टेंडन जोडला तर निकाल चांगला येतो. उशीर झाला की तुटलेलं टोक तळहातात मागे ओढलं जातं आणि बोगदा आक्रसतो.

बोट तुटून वेगळंच झालं असेल तर तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका.

धनुर्वाताच्या लसीला पाच वर्षं उलटली असतील तर अशा जखमेनंतर ती पुन्हा घ्यावी लागते. मासे-मांस कापताना झालेल्या जखमेभोवती पुढच्या काही दिवसांत जांभळट लाल, दुखरी सूज आली तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असेल तर वाटच बघू नका.

आणि डॉक्टरांनी टाके घालायला सुई उचलली की त्यांना नम्रपणे विचारा, "टेंडन आणि नस तपासली का?" हा प्रश्न विचारल्याबद्दल कोणत्याही चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही. आला तरी विचारा.

त्या ताईंच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. आधी बोटात सिलिकॉनची दांडी बसवून टेंडनसाठी जागा तयार केली, तीन महिन्यांनी दुसरीकडचा टेंडन आणून जोडला, मग फिजिओथेरपी. करंगळी आता बरीचशी वाकते, पूर्ण नाही. "करंगळीच तर आहे," असं त्यांच्या घरी सगळे म्हणत होते. पण मुठीची पकड मोठ्या प्रमाणात करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटावर असते, हे कढई उचलायला गेल्यावर कळतं. त्या काळात डबे बंद होते. गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली, ती सगळी परत आली नाहीत.

परवा त्या तपासणीला आल्या तेव्हा पिशवीतून नवी सुरी काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. मूठ खरबरीत, पुढे अडसर, पात्याला म्यान. "बघा डॉक्टर, बरोबर घेतली ना?" बरोबर घेतली होती. तुमच्या ओट्यावरची सुरीही आज एकदा हातात घेऊन बघा.