आभाळाचा पण एक फोटो काढा

मोबाईलमध्ये मासळीचे फोटो भरपूर, आभाळाचा एक तरी आहे का? थंडीत अवसेच्या रात्री किनाऱ्यावर जा. होडी हलते, तिथून चांदण्यांच्या रेघा येतात. फोन दगडाला टेकवा, नाइट मोड आणि टायमर लावा. मृग, कृत्तिका छान येतात. उत्तरेला ध्रुव, गोव्यातून क्षितिजाच्या जेमतेम १५ अंश वर. हात लांब करून दीड मूठ. याच्याच भरवशावर बापजाद्यांनी होड्या घरी आणल्या. पोरांना दाखवा, मजा येते.

आणि फोटोत दर्याकडे पांढराफेक उजेड आला तर? एलईडी मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. तो उजेड आपली मासळी नेतो, आभाळही नेतो. दोन्ही राखूया.