यंत्राची साथ आणि माणसाची साथ

मनुष्याने निर्माण केलेले प्रत्येक यंत्र त्याचे कोणते तरी काम हलके करते आणि त्याबरोबर त्याची कोणती तरी सवय मोडते. म्हणून नवे यंत्र घरात आले म्हणजे ते काय देते एवढेच न पाहता, त्याच्या येण्याने काय जाते याचाही विचार करणे इष्ट होय. ध्वनिमुद्रित गाण्यातून गायकाचा आवाज पुसून केवळ वाद्यांचा भाग शिल्लक ठेवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मोबाईलवर सहज मिळू लागली आहेत. स्नेहसंमेलनात गाणी म्हणावयाची ती अशा 'ट्रॅक'वरच, असा समज विद्यार्थ्यांत रूढ होत आहे. त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे साधन चालते कसे ते पाहू. पूर्वीची युक्ती साधी होती. दोन कर्ण्यांसाठी केलेल्या मुद्रणात गायकाचा आवाज बहुधा मध्यभागी, म्हणजे दोन्ही बाजूंस सारखा ठेवलेला असतो. एका बाजूतून दुसरी वजा केली की जे सारखे ते नाहीसे होते. परंतु मध्यभागी असलेली वाद्येही त्याबरोबर जात. आणि जुन्या एकपदरी मुद्रणात सर्वच सारखे असल्यामुळे हाती काहीच उरत नसे. नव्या साधनाची रीत निराळी आहे. ते गाण्याचे जणू चित्र काढते: आडवा काळ, उभा स्वरांचा उंच-नीचपणा. गायन आणि वाद्ये वेगवेगळी मुद्रित केलेली अनेक गाणी त्यास आधी ऐकविलेली असतात. त्यांवरून चित्रातील कोणती रेघ गळ्याची व कोणती वाद्याची याचा अंदाज ते बांधू लागते. फ्रान्समधील डीझर या कंपनीने २०१९ साली स्प्लीटर नावाचे असे साधन सर्वांस मोफत खुले केले, आणि तेव्हापासून ही विद्या झपाट्याने पसरली.

या विद्येचे गुण आम्ही नाकारीत नाही. जॉन लेनन याने १९७० नंतरच्या दशकात घरी पियानोवर म्हटलेले एक गाणे साध्या कॅसेटवर राहिले होते. तो १९८० साली निवर्तला. १९९५ च्या सुमारास त्याच्या सोबत्यांनी ते पुरे करण्याचा यत्न केला, पण पियानोपासून आवाज सुटा होईना, म्हणून तो सोडून द्यावा लागला. अखेर यंत्राने तो आवाज निराळा काढून दिला व २०२३ साली 'नाऊ अँड देन' या नावाने ते गाणे प्रसिद्ध झाले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, यंत्राने आवाज मोकळा केल्यावर त्याच्या भोवतीची साथ हयात असलेल्या मित्रांनी स्वतःच्या हातांनी वाजविली. जे माणसास अशक्य होते तेवढेच यंत्राकडे गेले. जे शक्य होते ते माणसाकडेच राहिले.

वाद्यांच्या तयार पट्टीवर गाण्याच्या प्रकारास जपानी भाषेत 'कराओके', म्हणजे रिकामा वाद्यवृंद, असे म्हणतात. त्याचा उगमही बोधप्रद आहे. कोबे शहरातील दाइसुके इनोउए हा साथ करणारा वादक होता. त्याच्या एका गिऱ्हाइकास प्रवासात त्याची साथ हवी होती, परंतु त्यास जाता येईना. तेव्हा त्या गृहस्थाच्या गाण्यास जुळेल अशी साथ त्याने मुद्रित करून दिली. त्यावरून १९७१ साली त्याने आपले यंत्र सिद्ध केले. म्हणजे साथीदार हजर नाही, ही त्या यंत्राची मूळ गरज. साथीदार शेजारच्या बाकावर बसलेला असताना त्यास उठवून त्या जागी यंत्र बसवावे, हा त्याचा हेतू नव्हता.

आमच्या मते सारा प्रश्न येथे आहे. साथ म्हणजे नुसता आवाज नव्हे. साथ म्हणजे ऐकणे. गाणाऱ्या मुलीचा श्वास अपुरा पडला तर तबलजी ठेका धरून थांबतो. ती कडवे विसरली तर पेटीवाला तेच सूर पुन्हा फिरवून तिला आठवावयास अवसर देतो. ट्रॅक मात्र कोणासाठी थांबत नाही. त्याची पट्टी व गती आधी बदलून घेता येते हे खरे. पण गाणे सुरू झाल्यावर तो गाणाऱ्याकडे पाहत नाही. चुकलेले मूल हजार डोळ्यांसमोर उभे राहते आणि वाद्ये पुढे निघून जातात.

आपल्या चांदूर रेल्वेच्या परिसरास ही साथीची विद्या परकी नाही. जवळच मोझरीस राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज आहे. हाती खंजिरी घेऊन त्यांनी केलेल्या भजनांनी सारा वऱ्हाड एकत्र बसविला. आजही खेड्यापाड्यांतील भजनी मंडळांत ढोलक, टाळ व पेटी वाजविणारी मुले आहेत. रात्री गावी तासन्‌तास ठेका धरणारा मुलगा सकाळी एस.टी.ने शाळेत येतो, आणि संमेलनात त्याच्या वाट्यास ट्रॅकचे बटण दाबण्याचे काम येते. हे आम्हांस योग्य वाटत नाही.

कोणी म्हणेल, ज्या घरी पेटी नाही व शिकविणारा नाही, त्या मुलाने काय करावे? त्याने हे साधन अवश्य वापरावे. केवळ गळा निराळा काढून हरकती ऐकाव्यात, केवळ वाद्ये निराळी काढून ताल मोजावा, घरी शंभर वेळा सराव करावा. शिक्षक म्हणून ते उत्तमच आहे. साथीदार म्हणून उणे आहे.

कायद्याचीही एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यासमोर ध्वनिमुद्रण वाजविण्यास मुभा देते. दुसऱ्याच्या गाण्यातील आवाज पुसून ती प्रत इंटरनेटवर प्रसृत करणे या मुभेत येत नाही.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच की, येत्या संमेलनात गाणे निवडण्यापूर्वी आपल्या वर्गात वाजविणारा कोण आहे, याचा शोध घ्या. पालकांस विनंती ही की, मुलाची साथ कच्ची पडली तरी टाळी आखडती घेऊ नका. दोन मुलांनी एकमेकांकडे पाहत, एकमेकांस सांभाळीत म्हटलेले ओबडधोबड गाणे निर्दोष ट्रॅकवरील गाण्यापेक्षा शाळेस अधिक शोभते. कारण दुसऱ्याचे ऐकून आपला सूर लावण्यास शिकविणे हे शाळेचे कामच होय.